सदर जागी

"पान का फाडलंत?"

मास्तर तांदूळ निवडत होते. मांडीवर सूप होतं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"सर, एवढं एक विचारायला मी नागपूरहून आलोय. पान का फाडलंत?"

"बस."

"मी उभा बरा आहे."

"मग उभा राहा."

सुपात एक खडा सापडला. मास्तरांनी तो चिमटीत धरला आणि शेजारच्या वाटीत टाकला.

निशिकांत बारापात्रेच्या हातात पुस्तक होतं. सहाशे पानांचं, त्यानं स्वतः लिहिलेलं. खनिजांवर इतकं मोठं पुस्तक त्याच्या विषयात बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं, असं लोक म्हणत होते आणि त्यालाही ते पटत होतं. छापखान्यातून आलेली पहिली प्रत त्यानं आपल्या गुरूंना पाठवली होती. अर्पणपत्रिकेवर त्यांचंच नाव होतं : वामनराव डोर्लीकर सर यांना, ज्यांनी मला दगड ओळखायला शिकवलं.

आठव्या दिवशी ती प्रत पोस्टानं परत आली. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. फक्त अर्पणपत्रिकेचं पान नव्हतं. रागाच्या भरात ओढून काढलेलं नव्हतं ते. पट्टी लावून, नीट, शिवणीपाशी फाडलेलं होतं.

तो नीटपणाच निशिकांतला जास्त लागला.

डोर्लीकरांनी पस्तीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते गारटोल्याला आले. टेकडीखालचं चाळीसेक घरांचं गाव. टेकडी सगळी गारगोटीची, म्हणून गावाचं नाव गारटोला. महादेवाच्या देवळामागे एक जुनी धर्मशाळा होती, तिच्या एका खोलीत ते राहत. लोक त्यांना दगडवाले मास्तर म्हणत. कुणाला शेतात वेगळा दगड दिसला की तो घेऊन यायचा. मास्तर सांगायचे, हा अमुक. माणूस समाधानानं घरी जायचा.

त्यानंतरच्या सहा वर्षांत निशिकांत इथे एकदाही आला नव्हता. आज आला तो भांडायला.

"खनिज म्हणजे काय?" मास्तरांनी विचारलं.

"सर, मी परीक्षा द्यायला आलेलो नाही."

"मला ठाऊक आहे तू कशाला आलायस. खनिज म्हणजे काय?"

निशिकांतनं पुस्तक कट्ट्यावर ठेवलं. मग तो एका दमात बोलला, जसा पंचवीस वर्षांपूर्वी वर्गात बोलायचा.

"निसर्गात सापडलेला, आपोआप तयार झालेला. अजैविक. घन. ठरावीक रासायनिक घटकांचा. आणि आतली अणूंची मांडणी नियमित असलेला, म्हणजे स्फटिकी. या पाचही अटी पुऱ्या करणारा पदार्थ म्हणजे खनिज. एक जरी अट चुकली तरी नाही."

"कोळसा?"

"नाही. झाडापासून झालेला, आणि ठरावीक घटकही नाहीत."

"बाटलीची काच?"

"नाही. माणसानं केलेली, शिवाय आत मांडणी नाही."

"आणि ज्वालामुखीतून आलेली काच? ती तर माणसानं केली नाही."

"तरीही नाही. मांडणी नाही म्हणजे नाही. सर, हे मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारतो."

"आभाळातून पडणारी गार?"

"खनिज. बर्फाला पाचही अटी लागू पडतात."

"फ्रीजमधला बर्फ?"

"नाही."

"का? पाणी तेच. गोठणं तेच. आतली मांडणीसुद्धा तीच. एक एक तुकडा तुझ्या हातावर ठेवला तर तुला फरक सांगता येईल?"

"नुसत्या तुकड्यावरून कसा येईल? तो कुठून आला, कसा तयार झाला, ते बघावं लागेल."

"बघावं लागेल."

"हो."

"तू बघितलंस?"

बर्फाविषयी हा प्रश्न नाही, हे निशिकांतच्या लक्षात आलं. मास्तरांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांचे डोळे लाल होते. म्हातारपणानं नव्हे. हा माणूस किती दिवस रागात आहे, असं निशिकांतच्या मनात आलं.

"म्हणजे त्या अहवालाचं चाललंय," तो म्हणाला.



अहवालाची हकिगत अशी होती. गारटोल्याच्या वेशीवर गारगोटी दळायची गिरणी आहे. टेकडी फोडायची, दगड आणायचे, त्यांची पिठासारखी भुकटी करायची आणि पोत्यांत भरून बाहेर पाठवायची. सहा वर्षांत या गिरणीतली नऊ माणसं छाती भरून मेली. गावानं अर्ज केला. यंत्रं झाकून घ्या, पाणी मारा, आणि हे मरण या कामानं आलं एवढं कागदावर लिहा. चौकशी बसली. चौकशीनं तज्ज्ञाला विचारलं, तिथे उडणारी धूळ खनिजाची आहे का? गारगोटीची आहे का? स्फटिकी आहे का? कारण माणसाची छाती खाते ती तीच धूळ.

तज्ज्ञ होता डॉ. निशिकांत बारापात्रे.

"सर, माझ्याकडे आलेला नमुना काचेचा होता," तो म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला. "मी तीन वेळा तपासला. यंत्रावर घातला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. काच, निव्वळ काच. काच खनिज नाही. हे तुम्हीच शिकवलंत मला. गावावर दया म्हणून काचेला गारगोटी लिहायची होती का मी? तसं तुम्ही शिकवलं असतं तर मीच तुमचं पान फाडलं असतं."

"काचच होती. मला तिळमात्र शंका नाही."

"मग?"

"कुणी दिली?"

"सीलबंद पिशवी आली होती."

"सील कुणाचं?"

"...गिरणीचं. चौकशीच्या पत्रासोबत आली. रीतसर."

मास्तरांनी सूप खाली ठेवलं. कोनाड्यातून घडी घातलेला एक कागद काढला. कागद बऱ्याच हातांतून गेलेला होता, घडीवर फाटायला आला होता. अहवालाचं शेवटचं पान. त्यांनी ते निशिकांतच्या हातात दिलं.

"शेवटची ओळ वाच."

"मला पाठ आहे."

"वाच."

निशिकांतनं वाचलं. "सबब, सदर जागी खनिज धूळ आढळत नाही."

"पुन्हा."

"सबब, सदर जागी..."

तो थांबला.

"नमुना काचेचा आहे, एवढं लिहून थांबला असतास तर तुझं पुस्तक मी उशाशी घेऊन झोपलो असतो," मास्तर म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "सदर जागी. कोणत्या जागी, निशिकांत? तुझ्या टेबलावर?"

"ती लिहिण्याची पद्धत असते, सर. सगळे तसंच लिहितात."

"सगळ्यांना मी शिकवलेलं नाही."

बाहेर पायरीवर कोणीतरी उभं होतं. पन्नाशीची बाई. नऊवारी लुगडं, हातात रिकामी घागर. ती कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

"या, फुलवंताबाई," मास्तर म्हणाले. "हेच ते."

फुलवंताबाई उईके आत आली नाही. तिथूनच तिनं निशिकांतकडे नीट पाहिलं.

"तुमीच का जी ते काच लिहिणारे?"

"हो," तो म्हणाला.

"मास्तरांनी मले वाचून दाखवलं. मी म्हटलं परत वाचा. वाटलं मलेच समजलं नसल." तिनं घागर खाली ठेवली. "माझ्या मालकानं अकरा वर्षं तिथं पोते भरले. दशरथ नाव त्यांचं. शेवटचे सात महिने आडवं होऊन झोपता येत नव्हतं त्यांना. भिंतीले टेकून बसत. मी समोर बसो. काच कुठून आली जी आमच्या गावात? आमच्या घरी एक आरसा आहे, तो बी एवढासा."

"नमुना काचेचाच होता, बाई. मी खोटं लिहिलं नाही."

"मालूम आहे. त्या दिवशी मी तिथंच होती. एक ट्रक आला फुटक्या बाटल्यांचा. मुकादम म्हणे आज हे दळा. सकाळभर दळलं. त्याची एक पिशवी भरली, बाकीचं खड्ड्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी परत गारगोटी." ती क्षणभर थांबली. "तुमी आले असते तं मी सांगतलं असतं. मी वाट पाहत होती. मोठा माणूस येईल म्हणे नागपूरचा. तीन दिवस कामावर गेली नाही त्याच्यासाठी."

निशिकांतचे कान तापले. शरम होती ती, पण त्याला ती रागासारखी वाटली, आणि तो रागासारखाच बोलला.

"हे चौकशीत का नाही सांगितलंत?"

"सांगतलं न जी. ते म्हणे, तज्ज्ञाचं आलं आहे."

देवळावर कबुतरं फडफडली. लांबून गिरणीची घरघर येत होती. आल्यापासून ती येतच असणार. निशिकांतला ती आत्ता ऐकू आली.

"दाखवा," तो शेवटी म्हणाला. "धूळ दाखवा मला. मी तपासतो."

फुलवंताबाई वळली, तसे मास्तर उठले.

"ती देणार नाही. मीही देणार नाही," ते म्हणाले. "दिलेलं तू एकदा घेतलंस. आता स्वतः शोध."

निशिकांत फुलवंताबाईच्या मागोमाग गेला. तिचं घर गिरणीपासून शंभर पावलांवर होतं. कवेलूचं छप्पर, सारवलेली भिंत. भिंतीवर दशरथचा फोटो, लग्नातल्या फोटोतून कापून मोठा केलेला. कापताना फुलवंताबाईच्या खांद्याचा तुकडा त्यात राहून गेला होता.

निशिकांतनं इकडेतिकडे पाहिलं. जमीन रोज झाडली जात होती. भांडी घासलेली होती. मग त्याची नजर वर गेली.

त्यानं खाट ओढली आणि तिच्यावर चढला. आढ्यावरून बोट फिरवलं.

धूळ बोटाच्या पेराइतकी जाड होती. पांढरी, मऊ, गव्हाच्या पिठासारखी. बोट फिरलं तिथे काळं लाकूड दिसू लागलं. थोडी भुकटी निसटली आणि कवडशात तरंगत राहिली. खाली पडेचना. निशिकांतनं नकळत श्वास रोखून धरला.

"आमी बी सुरवातीले तसंच करो," खालून फुलवंताबाई म्हणाली. "मंग किती वेळ करता?"

त्यानं श्वास सोडला.

धर्मशाळेत मास्तरांचा जुना पितळी सूक्ष्मदर्शक होता. निशिकांतनं आपला पहिला दगड त्यावरच पाहिला होता, अठराव्या वर्षी. त्यानं काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकला, त्यात चिमूटभर धूळ मिसळली. आरसा उन्हाकडे वळवला.

मग उजेड गाळणाऱ्या दोन चकत्या बसवल्या, एक खाली, एक वर. त्या एकमेकींवर आडव्या धरल्या की उजेड अडतो आणि सगळं काळं होतं. मध्ये काचेची पूड असली तर ती त्या काळोखात दिसतच नाही. स्फटिक असला तर तो उजेडाला वळवतो आणि उजळून उठतो. खोटं बोलायला जागा नसते.

निशिकांतनं डोळा लावला.



काळ्यावर कण पेटले होते. शेकडो. करडे, पांढरे, एखादा मोठा कण पिवळसर. त्यानं पट्टी फिरवली तसे काही विझले आणि दुसरे उजळले. गारगोटी. कुणीही ओळखली असती. दुसऱ्या वर्षाच्या मुलानंसुद्धा.

"काय दिसते जी?" फुलवंताबाईनं विचारलं.

तो बाजूला झाला. ती वाकली. एक डोळा मिटायला तिला जमेना, तिनं पदरानं तो झाकला.

"मायबाई..." ती हलकेच म्हणाली. "किती चमकते." मग सरळ झाली. "असंच दिसत असल का जी आतमंधी? यांच्या छातीत?"

निशिकांतला उत्तर माहीत होतं.

फुलवंताबाईनं घागर उचलली. जाताना ती त्याच्याशी बोलली नाही. मास्तरांना म्हणाली, "माझी सुनंदा तिथंच आहे आता. यांच्या जाग्यावर. कालपासून तिचा बी खोकला सुरू झाला. तुमाले सांगून ठेवते." आणि ती नळाकडे गेली.

मागे दोघंच राहिले.

"मला फसवलं," निशिकांत म्हणाला. त्याच्या मुठी आवळल्या होत्या. "सर, या लोकांनी मला फसवलं. मी सोडणार नाही. उद्याच पत्र लिहितो, नमुना बदलला होता म्हणून. त्यांना कोर्टात उभं करतो. माझ्या नावाचा वापर केला त्यांनी."

"तुझ्या नावाचा?"

"हो, माझ्या नावाचा."

मास्तर जवळ आले. ते त्याच्यापेक्षा वीतभर बुटके होते. निशिकांतला वाटलं, ते आता मारतील. त्यांनी मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"नऊ माणसं मेली आणि तुला तुझ्या नावाचं पडलंय. काच त्यांनी दळली, ते त्यांचं पाप, ते फेडतील नाहीतर नाही फेडणार. पण 'सदर जागी' हे दोन शब्द त्यांनी लिहिले?"

"नाही."

"कुणी लिहिले?"

"मी."

"त्यांनी सांगितले होते लिहायला?"

"नाही."

"धमकी होती? आमिष होतं?"

"नाही, सर."

"मग का लिहिलेस?"

निशिकांतनं खरंच विचार केला. आठवून पाहिलं. मार्च महिना होता. पुस्तकाची मुद्रितं टेबलावर पडली होती. अहवाल संपवून ती घ्यायची होती. गारटोल्याला यायचं म्हणजे एक दिवस गेला असता.

"घाई होती," तो म्हणाला.

मास्तर मागे सरले आणि कट्ट्यावर बसले. एकदम थकल्यासारखे दिसले. पण राग गेला नव्हता. तो फक्त दुसरीकडे वळला.

"पान का फाडलं, विचारत होतास ना? त्या पानावर माझं नाव होतं. मी शिकवलं असं तू लिहिलं होतंस. ते खरं आहे, म्हणून फाडलं." त्यांनी हाताचे तळवे पाहिले. "पस्तीस वर्षं पाच अटी म्हणून घेतल्या मी तुमच्याकडून. शेवटच्या दोनांवर महिनाभर शिकवायचो. मांडणी, घटक, आकृत्या. पहिली अट, निसर्गात सापडलेला... एका वाक्यात उरकायचो. सोपी वाटायची. सापडलेला म्हणजे कुणाला तरी सापडलेला. कुणीतरी तिथवर चालत गेलेला. हे मी कधी सांगितलंच नाही. दगड मी वर्गात आणून द्यायचो, ट्रेमध्ये, चिठ्ठ्या लावून. तुम्ही फक्त ओळखायचात. तू सगळे ओळखायचास. मला किती अभिमान वाटायचा."

"सर..."

"बोलू नकोस. तुझ्यावर चिडलोय तेवढाच स्वतःवरही चिडलोय, पण माझ्या हातात आता काही नाही. माझ्या सहीला कोणी विचारत नाही. तुझ्या सहीवर एक गिरणी चालू आहे."

निशिकांत उठला. खांद्यावरच्या झोळीतून त्यानं नमुन्यांची कागदी पाकिटं काढली, पेन घेतलं. गाडी बाहेर उभी होती. ड्रायव्हरनं दार उघडलं. तो गाडीच्या बाजूनं निघून गेला आणि रस्त्याला लागला.

गिरणीच्या फाटकाशी मुकादमानं त्याला अडवलं. निशिकांतनं नाव सांगितलं.

मुकादमाचा चेहरा उजळला. त्यानं दोन्ही हात जोडले.

"बारापात्रे साहेब? या, या. अहो, तुमचे फार उपकार आहेत आमच्यावर. मालक नेहमी नाव काढतात तुमचं. चहा सांगतो."

एवढं अपमानास्पद त्याला आयुष्यात कोणी काही बोललं नव्हतं. तो चहाला थांबला नाही.

आत सगळं एकाच रंगाचं होतं. पत्रे, खांब, पोती, माणसं. चार पावलांवरचं दिसत नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर गुंडाळले होते, पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. यंत्राच्या जबड्यात दगड पडत होते आणि कडाकड फुटत होते. त्यातला एक तुकडा त्यानं उचलून पाहिला. दुधी, कठीण, तेलकट चकाकीचा. टेकडीचा तुकडा. कोट्यवधी वर्षं तो तिथे कुणाला काही न करता पडून होता.

पोतं धरून उभी असलेली एक मुलगी खोकत होती. खोकला आला की ती पोतं सोडत नव्हती, फक्त मान वळवत होती. खांदा फुलवंताबाईसारखा होता.

"सुनंदा?" त्यानं विचारलं.

तिनं मान डोलावली.

"मी इथली धूळ घेतोय. तुझ्यासमोर. पाकिटावर जागा लिहितो, वेळ लिहितो. तू पाहिलंस म्हणून सही करशील?"

तिनं मुकादमाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "माझ्या आईनं पाठवलं का तुमाले?"

"नाही. मला आधीच यायला हवं होतं."

तिनं पोतं खाली ठेवलं आणि पेन घेतलं.

त्यानं जबड्याखालून एक चिमूट घेतली, पोती भरायच्या तोंडाखालून दुसरी, खांबावरून तिसरी, बायका जेवायला बसत त्या फळीवरून चौथी. प्रत्येक पाकिटावर लिहिलं. सुनंदानं सही केली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या आणि त्यांनी अंगठे उमटवले. अंगठ्याला शाई लागत नव्हती, आधी धूळ पुसावी लागत होती.

चौथ्या पाकिटाला मुकादमाला काय चाललंय ते कळलं. त्यानं फोन काढला. मग आवाज बदलून म्हणाला, पाकिटं इथेच ठेवा साहेब, मालकांना विचारल्याशिवाय बाहेर जाता येणार नाही. दोन माणसं फाटकापाशी येऊन उभी राहिली.

निशिकांतनं पाकिटं शर्टाच्या आत घातली, बनियनच्याही आत, अंगाला लावून.

"हात लावा," तो म्हणाला. "लावून बघा. मग यावरही अहवाल लिहीन, आणि तोही सही करून."

तो शांतपणे बोलला होता. त्या माणसांनी त्याला ढकललं, शर्टाची दोन बटणं तुटली, पण सुनंदा आणि त्या दोघी फाटकापर्यंत मागे चालत आल्या होत्या आणि तशाच उभ्या राहिल्या. यंत्र चालू होतं आणि पोतं धरायला कोणी नव्हतं. भुकटी सांडत होती. मुकादम आधी तिकडे धावला. निशिकांत बाहेर पडला.

पुढे त्यानं दुसरा अहवाल लिहिला. माझा पहिला निष्कर्ष चुकीचा होता, कारण मी जागेवर गेलो नव्हतो, या वाक्यानं तो सुरू होत होता. मित्रांनी त्याला तो लिहू नको म्हणून सांगितलं. पुस्तकाच्या काही ऑर्डरी रद्द झाल्या, एका समितीवरून त्याचं नाव गेलं. चौकशी पुन्हा उघडली. यंत्रं झाकायला आणि पाणी मारायला गिरणीला भाग पडलं, पण त्याला आणखी अकरा महिने लागले, आणि तोवर आणखी एक माणूस मेला. दशरथ उईकेच्या नावापुढे कामामुळे मृत्यू असं लिहिलेला कागद फुलवंताबाईला मिळाला तेव्हा तिनं तो वाचून घेतला, आणि परत एकदा वाचायला लावला. सुनंदानं गिरणी सोडली. तिचा खोकला काही पूर्ण गेला नाही.

पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी तो पायी देवळापर्यंत आला तेव्हा ऊन उतरत होतं. ड्रायव्हरनं त्याला ओळखलं नाही. केस, भुवया, शर्ट, हात, सगळं पांढरं. तोंडात करकर होत होती. धर्मशाळेच्या दाराशी तो थांबला.

मास्तर आत बसले होते. चुलीवर भात शिजत होता.

निशिकांतनं छातीशी हात घालून पाकिटं काढली आणि कट्ट्यावर एकेक मांडून ठेवली. चारही. मास्तरांनी प्रत्येकावरची जागा वाचली. सह्या वाचल्या. अंगठे पाहिले.

"आत येऊ, सर?"

मास्तरांनी मान डोलावली.

आत पाऊल टाकण्याआधी निशिकांतनं हात उचलला, आणि बाही झटकायला गेला.

"झटकू नकोस," मास्तर म्हणाले.